बुधवारी रात्री : उरलेलं

किराण्याचा खर्च कमी करायचाय ना? मग सगळ्यात आधी एक कोरा कागद घ्या, पट्टी घ्या आणि तक्ता आखा. स्वयंपाक येत असण्याची अट नाही. उलट येत नसेल तर तक्ता जास्त सुबक होतो, कारण मधेच प्रश्न पडून हात अडत नाही. सात दिवस, तीन वेळा, एकवीस रकाने. सकाळला पिवळा रंग, दुपारला हिरवा, रात्रीला निळा. वर ठळक अक्षरांत 'मिशन बचत'. आणि हा कागद फ्रीजच्या दारावर अशा उंचीवर चिकटवा, की घरात जो रोज रांधतो त्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल.

आमच्याकडे तो गेल्या रविवारी सकाळी दहाला चिकटला. आमच्या ह्यांनी आदल्या रात्री दोन व्हिडिओ बघितले होते. ज्या माणसाला आजही साखर कुठली आणि मीठ कुठलं हे डबा उघडून चाखून बघावं लागतं, त्याने एका रात्रीत एकवीस जेवणं उभी केली. मी चहा गाळता गाळता वाचलं. बुधवार, रात्र, निळा रकाना: 'उरलेलं'. शुक्रवार, दुपार: 'उरलेलं'. रविवार, रात्र: पुन्हा 'उरलेलं'.

"कशातलं उरलेलं?" मी विचारलं.

"ते आपोआप उरतं ना."

तर सुज्ञ वाचकहो, हे पाठ करून ठेवा. उरलेलं आपोआप उरतं. ते आधी कुणी दुप्पट रांधावं लागत नाही, गार करावं लागत नाही, डब्यात भरावं लागत नाही. पहाटे दव पडतं तसं ते मंगळवारी रात्री फ्रीजमध्ये पडतं.

दुसरं म्हणजे आकडे तोंडपाठ ठेवा, आणि ते जेवताना, वाढणाऱ्या माणसाकडे बघून सांगा. ह्यांनी सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल आहे: २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतून. माणशी वर्षाला ७९ किलो, निव्वळ घरातून. आकडे खरे आहेत, मीही नंतर बघितले. मी ते ऐकत होते तेव्हा माझं लक्ष ह्यांच्या ताटाच्या कडेला सारलेल्या भाजीकडे होतं. ती साधारण किती ग्रॅम असते याचा मला चांगला अंदाज आहे, कारण ती रोज कचऱ्यात मीच ढकलते. ही नासाडी निम्म्यावर आणायला जगातल्या देशांनी २०३० पर्यंतची मुदत घेतलीय. मला शुक्रवारपर्यंतची मिळाली.

भुकेल्या पोटी खरेदीला जाऊ नका. म्हणजे आधी जेवून जा. म्हणजे आधी कुणीतरी रांधा.

खरेदीला मात्र स्वतः जा, यादी घेऊन. यादी अकरा वस्तूंची असावी आणि घरी चोवीस याव्यात. दोष तुमचा नाही, गाडीचा आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने चाकांची ढकलगाडी आणली. हातातल्या टोपलीचं ओझं झालं की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, हे त्याने हेरलं होतं. सुरुवातीला त्या गाडीला कुणी हात लावेना. बायका म्हणाल्या म्हणे, बाबागाड्या ढकलून ढकलून आम्ही आधीच दमलोय, आता ही कशाला? मग त्याने पगारी माणसं आणली आणि ती नुसतीच दुकानात गाड्या ढकलत फिरवली. पुढचं तुम्ही बघताच आहात. आमच्या ह्यांनी गाडी घेतली आणि 'एकावर एक मोफत' म्हणून पालेभाजीच्या चार जुड्या आणल्या. पालेभाजीच्या! निवडणार कोण, धुणार कोण, आणि दोन दिवसांत ती पिवळी पडायच्या आत चौघांच्या पोटात उतरवणार कोण, हे त्या मोफतच्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. मोठा पुडा स्वस्त पडतो हेही त्यांना ठाऊक होतं. किलोमागे काय दर पडतो ते बघितलं का, विचारलं तर म्हणाले, मोठा आहे म्हणजे स्वस्तच असणार. नव्हता. आणि नेहमीच्या पुड्यात माल कमी झालाय, किंमत मात्र तीच, हे मी गेले वर्षभर सांगतेय. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा मालापाशी तशी पाटी लावावी लागते. आमच्या घरात ती पाटी म्हणजे मी. वाचत कुणी नाही.

फळं-भाज्या एका सुंदर टोपलीत एकत्र मांडा, फोटोत असतात तशा. पिकती केळी आणि सफरचंदं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि शेजारच्या सगळ्यांना घाईने पिकवतात, पण फोटोत इथिलीन दिसत नाही.

भांड्यावर झाकण ठेवलं की गॅस वाचतो. हे मला सांगण्यात आलं. एकोणीस वर्षांनी.

आता भिजवण्याबद्दल. इथे जरा बसते, कारण इथेच सगळा घोळ आहे. तक्त्यात सोमवारी दुपारी राजमा होता. कडधान्यं स्वस्त, पौष्टिक, सुकी असली तर महिनोन्महिने टिकतात, सगळं मान्य. बचतीच्या प्रत्येक सल्ल्यात ती असतात आणि असावीतही. पण राजमा सोमवारी दुपारी खायचा तर तो रविवारी रात्री पाण्यात पडायला हवा, आणि रविवार रात्रीच्या निळ्या रकान्यात 'उरलेलं' होतं, 'राजमा भिजत घाल' नव्हतं. एकवीस रकान्यांत भिजवण्याला एक रकाना नाही. मोड आणण्याला नाही. निवडण्याला नाही, चिरण्याला नाही, फ्रीजरमधला डबा आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवून ठेवण्याला नाही, दूध संपत आलंय हे लक्षात ठेवण्याला नाही. पीठ चार दिवसांत संपेल, तेल आठ दिवस पुरेल, मुलीचा मंगळवारी डबा लवकर लागतो, मुलाला तोंड आलंय म्हणून त्याला बिनतिखटाचं, हे सगळं ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो कागद माझ्या डोक्यात आहे आणि त्याला रंग दिलेले नाहीत. त्या सबंध तक्त्यात भिजत पडलेलं काही असेल तर ते फक्त घोंगडं!

सोमवारी सकाळी हे म्हणाले, "कुकर आहे ना? लाव की तसाच." आहे कुकर. आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर, एकशेवीस अंशांच्या आसपास जातं म्हणून वेळ वाचतो, तेही खरं. पण न भिजलेला राजमा शिजायला जो जास्तीचा गॅस जळतो तो कुठल्या बचतीत धरायचा? आणि घाईत अर्धकच्चा राहिला तर घरदार ओकत बसेल, कारण कच्च्या राजम्यातलं लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य नीट खळखळून उकळल्याशिवाय निकामी होत नाही. मी बटाटे टाकले. संध्याकाळी तक्त्यावर लाल पेनाने फुली होती. सोमवार, दुपार: 'चुकलं'.

कुणाचं, ते लिहिलं नव्हतं.

बरं, पुढचा सल्ला, चौथा की सहावा कोण जाणे. मुदत संपलेल्या वस्तू निर्दयपणे फेका. ह्यांनी सोमवारी रात्री कपाट आवरलं आणि मधाची अर्धी बाटली फेकली, कारण तळाशी साखरेसारखे कण धरले होते आणि बाटलीवरची 'बेस्ट बिफोर' मागच्या महिन्याची होती. मध साकळतो. कोमट पाण्यात बाटली ठेवली की पुन्हा पातळ होतो. 'बेस्ट बिफोर' म्हणजे तोवर चव-वास उत्तम, नंतर थोडा उतरेल. खाऊ नका असं सांगणारी तारीख ती 'यूज बाय'. ज्या घरात बचतीचं मिशन चालू आहे त्या घरात एवढा फरक माहीत असायला काय हरकत होती?

फ्रीजरमध्ये सगळं कोंबा, नाव-तारीख लिहू नका. उणे अठरा अंशांत सगळ्या रश्शांचा रंग एकच होतो.

आणि आता मंगळवार. मी म्हटलं, चला, तक्त्याचा मान राखू. मंगळवारी रात्री मुद्दाम दुप्पट भात लावला, म्हणजे बुधवारी 'उरलेलं' खरोखर उरेल. साडेदहाला माझे डोळे मिटायला लागले. ह्यांना म्हटलं, वाफ गेली की भात डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा, तेवढंच काम. "हो, हो." हातात मोबाइल होता. बहुधा बचतीचाच व्हिडिओ असावा. सकाळी सहाला पातेलं ओट्यावर, झाकणाखाली, रात्रभर. शिजवूनही न मरणारे एका जिवाणूचे बीजाणू भातात असतात. भात असा तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढून विष सोडतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. तास-दोन तासांत तो थंड जागी जायला हवा. मी पातेलं रिकामं केलं. ते नेमकं ह्यांनी बघितलं.

"एवढा भात फेकलास? एकोणऐंशी किलो कुठून होतात, कळलं का आता!"

कळलं की.

बुधवारी रात्री नऊ वाजता हे फ्रीज उघडून उभे राहिले. आतला दिवा लागलेला, थंडी बाहेर चाललेली. तक्त्याकडे बघितलं, आत बघितलं. "आज काय उरलंय?" काही उरलं नव्हतं. पालेभाजीची चौथी जुडी होती, पिवळी. मुलं भुकेजली होती आणि मी, खरं सांगते, जागची उठले नाही. पाऊण तासाने जेवण बाहेरून आलं. आठवड्याभराची सगळी बचत एका पिशवीत घालून दारात दिली गेली, वर पोचवण्याचा आकार वेगळा.

१८५७ साली एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की कमाई जितकी कमी तितका तिचा मोठा वाटा खाण्यात जातो. म्हणजे हात आखडायचा झाला की पहिला स्वयंपाकघरातच आखडतो, हे मला कळतं. महागाई मलाही दिसते. तुमच्याआधी दिसते, कारण पुडा मी उघडते. मी कुठे नाही म्हणतेय बचतीला? एकोणीस वर्षं तेच करतेय, रंग न भरता. आधी घरात काय आहे ते बघायचं आणि मग बेत ठरवायचा, उलटं नाही. जुनं पुढे, नवं मागे. एकदा कडधान्य उकडलं की त्याचे दोन दिवस दोन पदार्थ. आठवड्यात एक रात्र मोकळी सोडायची, कारण काहीतरी बिनसतंच. हे कुठल्या व्हिडिओत बघावं लागलं नाही मला. आणि तुम्हालाही लागलं नसतं, एकदा तरी विचारलं असतंत तर.

पण तुम्हाला विचारायचं नसतं, तुम्हाला आखायचं असतं. बेत तुमचा आणि हात माझे, फुली तुमची आणि चूक माझी! माझे दोन तास फुकट धरले तर कुठलंही जेवण स्वस्तच पडणार, त्याला तक्ता कशाला हवा? लाज वाटली पाहिजे दुसऱ्याच्या कष्टाला 'आपोआप' म्हणायला. एक आठवडा, फक्त एक, तो तक्ता तुम्ही पाळून दाखवा. भिजवा, चिरा, शिजवा, भरा, लक्षात ठेवा, आणि "हेच परत?" हे मुलीच्या तोंडून ऐका. मग सांगा मला टक्केवारी.

बुधवारी बाहेरून आलेल्या जेवणाचे प्लास्टिकचे डबे "फ्रीजरला कामी येतील" म्हणून ह्यांनीच सिंकमध्ये ठेवलेत. आज शनिवार. ते आपोआप धुतले जाणार नाहीत. उठा.