कावळा शिवला का?

विमान कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाबद्दल सोसायटीत एक पक्का समज असतो: ‘यांना काय, फुकट फिरता येतं.’ आम्ही तो खोडत नाही, तेवढीच पत उरलेली असते. खरी गोष्ट अशी की आमच्याकडे तिकीट असतं, सीट नसते; पैसे भरलेले सगळे बसून एखादी उरली तरच ती आमची. ‘आयडी नाइन्टी’ म्हणजे भाड्यात नव्वद टक्के सूट, पण ती पूर्ण छापील भाड्यावर, आणि कर शंभर टक्के. सेल लागला की शेजारी जवळपास आमच्याच पैशात खिडकी घेऊन जातो. वर त्याची सीट पक्की.

नवा निवृत्त माणूस पहिली चूक करतो ती सीटचा नकाशा बघण्याची. तीस चौकोन रिकामे दिसले की तो बॅग भरायला घेतो. अहो, ते चौकोन रिकामे आहेत कारण लोक सीट निवडायचे जादा पैसे देत नाहीत. विमान भरलेलंच असतं, नव्हे, कधी क्षमतेपेक्षा जास्तच विकलेलं असतं. बुकिंगच्या पडद्यावरचा नऊचा आकडाही फसवा: तो नऊच्या वर जातच नाही, त्यामुळे नऊ म्हणजे नऊही असतात आणि नव्वदही. आत कामाला असलेल्या कुणाला तरी ‘लोड काय आहे?’, म्हणजे विमान खरोखर किती भरलंय, असं विचारणं हाच खरा मार्ग. म्हणून निवृत्तीच्या समारंभात साहेबांपेक्षा काउंटरवरच्या पोरांशी गोड बोलून ठेवावं.

मग उरलेल्या सीटची वाट बघणाऱ्यांची यादी. आधी ड्यूटीवर जाणारे, मग नोकरीत असलेले, मग आम्ही. बहुतेक ठिकाणी क्रम हाच. पस्तीस वर्षं घासलेला माणूस परवा लागलेल्या पोराच्या मागे उभा राहतो आणि तो पोरगा ‘अंकल, तुमचं झालं का?’ असं प्रेमाने विचारतो. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने निघालात तर त्यांच्या घरच्या मंडळींच्याही मागे.

काउंटर बंद होईपर्यंत नुसतं थांबायचं. हे थांबणं मला थेट दहाव्याच्या घाटावरचं वाटतं: पिंड मांडलाय, मंडळी हात जोडून उभी, कावळा शेजारच्या भिंतीवर. काय राहून गेलं असेल याचा विचार चालू. आमचा कावळा काउंटरच्या पलीकडे टाय लावून बसतो. त्याला ‘मी इथेच मॅनेजर होतो’ हे सांगू नये. तो तेव्हा शाळेत होता, आणि असं सांगितलं की कावळा उडून जातो.

सगळ्यात जिव्हारी लागतो तो पेलोड, म्हणजे विमानाने माणसं-सामान मिळून किती वजन न्यायचं तो आकडा. सीटा रिकाम्या, तरी ‘सॉरी सर.’ कारण खरं असतं. उन्हाने हवा विरळ झाली की पंखांना उचल कमी आणि इंजिनाला जोर कमी, म्हणून उड्डाणाचं वजन घटवावं लागतं. लेहला तर विमानतळच दहा हजार फुटांवर. हिवाळ्यात मुंबईहून अमेरिकेकडे जाताना समोरून वारा जोरात, म्हणजे इंधन जास्त. माणूस आणि त्याची बॅग मिळून शंभर किलो धरले, तर एक टन कमी करायला दहा माणसं लागतात. पहिली दहा माणसं कोण, हे विचारू नका.

म्हणून सामान सात किलोच, हातातलं. माणूस उतरला की त्याची बॅगही शोधून उतरवावी लागते, त्यामुळे मोठी बॅग दिसली की कावळा कपाळाला आठ्या घालतो. तीन दिवसांच्या बीपीच्या गोळ्या, एक जोडी कपडे, चार्जर, मेतकूट. लोणचं नको, तेल सुटलेली बरणी तपासणीतच जाते. पायात बूट हवेत, कारण आपला अवतार आजही कंपनीच्या खात्यावर जमा होतो.

नवरा-बायको एकाच पीएनआरवर असाल तर एक गोष्ट घरीच ठरवा. ‘एकच सीट आहे, कोण जाणार?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला वीस सेकंद मिळतात. त्यात ‘तू जा’, ‘नको, तुम्ही जा’ झालं की सीट तिसऱ्याची. आणि घराची किल्ली मागे राहणाऱ्याकडे हवी. ती नेमकी जाणाऱ्याच्या पर्समध्ये असते.

मे महिना, दिवाळी, नाताळ यांचं नाव काढू नये. पितृपक्षात मात्र देशातल्या देशात बरी संधी असते. लोक शुभकार्याला निघत नाहीत आणि आम्हाला कावळ्याची सवय असतेच.

सीट मिळाली की मधली, शेवटच्या रांगेतली, संडासाला लागून. जेवणाची ट्रॉली पोचते तेव्हा निवड संपलेली असते. शेजाऱ्याने ‘तुम्हाला तिकीट कितीला पडलं?’ विचारलं तर झोप लागल्याचं करावं. आणि मुलाला आत्ताच कळवू नये. बसल्यावरही उशिरा धावत आलेल्या पैसेवाल्यासाठी उठवतात. दार बंद होऊन विमान मागे सरकायला लागलं की मगच ‘निघालो’ लिहावं.

त्याचं उत्तर येतं: ‘नक्की?’