प्रतिक्रियेला उत्तर : गोखले रोडवरचे भिकारी आणि काकूंची साखळी

काका, नमस्कार. तुम्ही वय ७१ लिहिलंत म्हणून काका म्हणतेय, चालेल ना? रागावून लिहिलंय ते दिसतंय, आणि राग येणारच, भर संध्याकाळी बाजारातून घरी येताना काकूंची साखळी मागून ओढली, मानेला वळ उठला, आता त्या एकट्या भाजी आणायलाही जात नाहीत म्हणता. मान कशीय आता त्यांची? ते आधी कळवा, वाद नंतर घालू.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या ग्रुपवर 'गोखले रोड, राममारुती रोडवरचे भिकारी उचला, चोऱ्या आपोआप थांबतील' अशा अर्जावर सह्या घेणं चालू होतं आणि मी सही का केली नाही ते मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं की हे सगळं खुर्चीत बसून सुचतं, साखळी गेली त्या दिवशी कोपऱ्यावर ती कडेवर पोर घेतलेली बाई बसलेलीच होती, तिनेच खबर दिली असणार, कायदा आहे तर पोलिसांनी गाडी आणून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात नेऊन टाकावं सगळ्यांना, आणि मुलं पळवून आणतात ते वेगळंच. शेवटी एक प्रश्न पण विचारलाय, त्याचं उत्तर शेवटी देते.

त्या बाईचं आधी. ती तिथे रोज बसते. कपड्यांच्या दुकानाच्या पायरीवर, चहावाला तिला ओळखतो, दुकानवाला ओळखतो, संध्याकाळी तीच त्याला चिल्लर देऊन नोटा घेऊन जाते. म्हणजे पोलिसांना सगळ्यात आधी सापडेल अशी कोण असेल तर तीच. साखळीवाले कसे येतात ते तुम्हीच लिहिलंय की, बाईकवर दोघं, हेल्मेट घातलेलं, मागचा हात टाकणार आणि गल्लीतून सुटले की तीन हात नाक्याला हायवेला लागणार. त्यांना कुणी खबर कशाला द्यायला हवी, लग्नसराईत बाजारात निम्म्या बायकांच्या गळ्यात सोनं दिसतंच. तरी समजा तिचा काही संबंध असेलच, मी नाहीच असं छातीठोक सांगत नाही, तर तुमच्या एफआयआरमध्ये तिचा उल्लेख करा, पोलीस विचारतील तिला. पण एकीवर संशय आहे म्हणून रस्त्यावरचे सगळेच उचला, हे काय लॉजिक झालं?

आणि बाजारात फसवणारा दिसतो कसा, ते पण बघा जरा. आमच्या शेजारच्या मावशी भिकारी दिसला की पर्स छातीशी धरतात. त्यांना जांभळी नाक्याला दोन पोरं भेटली, इस्त्रीचे शर्ट, पायात बूट, एकदम नम्र. "मावशी, आमच्या शेठला इतक्या वर्षांनी मुलगा झालाय, गरीब बायकांना साड्या वाटतायत, तुम्ही पण घ्या, फक्त अंगावर सोनं दिसलं तर शेठ देणार नाही, काढून पर्समध्ये ठेवा." मावशींनी बांगड्या काढल्या, पोराने मदत म्हणून रुमालात बांधून स्वतःच पर्समध्ये ठेवून दिल्या, "इथेच थांबा हां" म्हणाला आणि गेला. घरी येऊन रुमाल सोडला तर आत खडे. पोलीस चौकीत कुणाला नवलच वाटलं नाही, बोलबच्चन टोळी म्हणाले, जुनाच धंदा. दुसरा प्रकार म्हणजे तोतया पोलीस, "पुढे मर्डर झालाय आजी, दागिने काढून ठेवा". यातला कुणी हात पसरत नाही. उलट समोरच्याला गरीब दिसायला लावतात, आणि आपण सगळे बघत बसतो त्या पायरीवरच्या बाईकडे, यांना अजून काय हवं!

आता कायदा. आहे, बरोबर आहे तुमचं, १९५९ चा मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध अधिनियम, महाराष्ट्रात तो आजही आहे, पण एकदा वाचून बघा खरंच. भीक मागणे म्हणजे नुसता हात पसरणं नाही, गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, वस्तू विकायचं निमित्त करून पैसे मागणं पण त्यात येतं, आणि पोटापाण्याचं काही साधन दिसत नाही तरी सार्वजनिक ठिकाणी फिरतोय तर तो पण भिकारीच! म्हणजे सिग्नलला पेन विकणारा पोरगा आला, सकाळी मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव आला, ज्याला तुमच्याच पिढीने सुपातून धान्य घातलंय. वॉरंटशिवाय पकडता येतं आणि पहिल्या वेळेलाच १ ते ३ वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं, पुन्हा पुन्हा सापडला तर १० वर्षांपर्यंत. आणि काकूंची साखळी ओढणाऱ्याला? १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ आलं, स्नॅचिंग हा वेगळा गुन्हा झाला, त्याला जास्तीत जास्त ३ वर्षं. (दुखापत केली तर जबरी चोरी लागते, ती जास्त आहे. तुमच्या केसमध्ये वळ उठलाय, तेव्हा कोणतं कलम लावलंय ते नक्की विचारा, मेडिकल केलं का ते पण.) म्हणजे भुकेपोटी पहिल्यांदा हात पसरला त्याला आणि नुसत्या स्नॅचिंगला वरची मर्यादा एकच, हे मला नाही पटत बुवा. दिल्ली हायकोर्टाला पण पटलं नव्हतं, ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांनी दिल्लीपुरती यातली बहुतेक कलमं रद्द केली. कोविडमध्ये २०२१ ला सुप्रीम कोर्टात भिकाऱ्यांना हटवा म्हणून याचिका गेली तेव्हा कोर्टाने सांगितलं की आम्ही अशी एलिटिस्ट भूमिका घेणार नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र मी तुमच्याच बाजूची आहे. आईस्क्रीमच्या दुकानाबाहेर ते चार-पाच वर्षांचं पोर पायाला मिठी मारतं, सोडत नाही, लांब कोणीतरी उभं राहून बघत असतं, ते बघून माझं पण डोकं फिरतं. पण त्याला हा १९५९ वाला कायदा कशाला हवा? मुलांना भीक मागायला लावणाऱ्याला जुवेनाईल जस्टिस कायद्याच्या कलम ७६ मध्ये ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख दंड आहे, त्यासाठी मुलाचा हात-पाय तोडला असेल तर ७ ते १० वर्षं. यात पोर गुन्हेगार नाही, लांब उभा आहे तो गुन्हेगार. १०९८ ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करा. दुकानदारांनी करावा खरं तर, ते दिवसभर समोर असतात.

पण 'पळवून आणतात' हे व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करताना जरा जपून हं काका, प्लीज. धुळ्यातलं राईनपाडा आठवतंय? १ जुलै २०१८. आठवडी बाजारात भिक्षा मागणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ५ माणसं, मुलं पळवणारे आलेत अशी अफवा मोबाईलवर फिरलेली होती, लोकांनी ठेचून मारली. तो पण बाजारच होता, तिथल्या लोकांना पण आपण मुलांना वाचवतोय असंच वाटलं असणार.

त्रास होतो हे मला मान्यच आहे. बाही ओढतात, रिक्षात हात घालतात, काही जण दिलं नाही तर शिव्या पण देतात, मी पण ऐकल्यात. अंगाशी येणाऱ्याला दटावायला, त्याची तक्रार करायला माझी ना नाही. पण मला सही करायचीच असेल तर मी वेगळ्या अर्जावर करीन : काकूंची साखळी गेली त्या गल्लीतला दिवा लावा, पार्किंगच्या दुहेरी रांगा काढा म्हणजे माणसाला चालायला फुटपाथच्या बाजूने जागा होईल, आणि संध्याकाळी ७ ते ९ बीट मार्शलची, म्हणजे गस्तीच्या पोलिसांची, फेरी त्याच गल्लीतून जाऊ दे. तुम्ही लिहा असा अर्ज, ग्रुपवर सह्या मी गोळा करते, भिकाऱ्यांचं वाक्य तेवढं काढा.

आणि तो शेवटचा प्रश्न, 'तुम्ही स्वतः देता का भीक?' म्हाताऱ्यांना देते, सुटे असले तर. मुलांना पैसे नाही देत, खायला देते, आणि ते पण पाकीट फोडून हातात, नाहीतर ते पाकीट तसंच परत दुकानात विकलं जातं.