‘टेक्सास चेनसॉ’ खरी घटना नाहीये, आणि तो पोलिसांचा व्हिडिओ तर अजिबातच नाही

ताईने परवा रात्री एक फॉरवर्ड पाठवला, खाली एकच ओळ, "हे खरं आहे का गं? हिचं कॉलेज तिथेच आहे ना?" भाचीला टेक्सासमधल्या ऑस्टिनला मास्टर्ससाठी ॲडमिशन मिळालीये, व्हिसाची तयारी चाललीये, आणि घरात आता चर्चा फीची नाही, हॉस्टेलची नाही, तर टेक्सासमध्ये माणसाच्या कातडीचे मुखवटे घालणारं कुटुंब खरंच होतं का याची. ताईला फोनवर समजावलं, पण तोपर्यंत तोच मेसेज आमच्या मोठ्या ग्रुपवर येऊन पडला होता, सोबत तो व्हिडिओ, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी, फॉरवर्ड थोडक्यात असा आहे: 18 ऑगस्ट 1973 ला टेक्सासच्या ट्रॅव्हिस काउंटीत (ऑस्टिन यातच येतं) एका कुटुंबाने चेनसॉने, म्हणजे झाडं कापायच्या मोटरच्या करवतीने, 33 लोकांना मारलं, खुन्याला लहानपणापासून कातडीचा रोग होता म्हणून तो दुसऱ्यांचे चेहरे लावायचा, पोलिसांनी शूट केलेला खरा व्हिडिओ सोबत जोडलाय, खुनी कधीच सापडला नाही, याच घटनेवर ‘द टेक्सास चेनसॉ मॅसकर’ पिक्चर काढला आणि तो खरा असल्यामुळे अनेक देशांनी बॅन केला. शेवटी नेहमीसारखं, जास्तीत जास्त शेअर करा.

मी हॉरर खूप बघते आणि 1974 चा मूळ पिक्चर माझ्या अत्यंत आवडीचा आहे, त्यामुळे जरा जास्तच चिडलेय, ते वाचताना जाणवेलच.

आधी तारीख, कारण सगळा मेसेज तिच्यावर उभा आहे. 18 ऑगस्ट 1973 ही तारीख कुठून आली? पिक्चरच्या सुरुवातीला पडद्यावर मजकूर सरकतो आणि एक गंभीर आवाज तो वाचून दाखवतो, त्यातून. म्हणजे पिक्चर हाच पिक्चरचा पुरावा! आता हे बघा, या पिक्चरचं शूटिंग 1973 च्या जुलैच्या मध्यात सुरू झालं आणि ऑगस्टच्या मध्यात, 18 तारीख उजाडायच्या आधीच संपलं. जी घटना अजून घडलीच नव्हती तिच्यावर आधारित पिक्चर शूट करून झाला होता. खरं तर इथेच विषय संपायला हवा. डायरेक्टर टोबी हूपरने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय की त्या काळात वॉटरगेट (अध्यक्ष निक्सनचा राजकीय घोटाळा) वगैरेमुळे सरकार लोकांशी सरळ खोटं बोलतंय असं वाटत होतं, त्याच्या रागातून त्याने ‘ही सत्य घटना आहे’ असं पिक्चरला जोडलं. हेतू काहीही असो, वाक्य खोटं होतं.

आणि 33 खून म्हणजे काय चेष्टा आहे? आपल्याकडे त्याच सुमाराला परभणी जिल्ह्यात मानवतचं खून प्रकरण झालं, त्याचा तपास पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींनी केला, खटले चालले, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, पेपरांनी रकानेच्या रकाने भरले, आणि पन्नास वर्षांनी त्याच्यावर वेबसिरीज आली तेव्हा तपासून बघायला कागद होते. अमेरिकेत 33 माणसं मारली गेली आणि ना एका मृताचं नाव, ना कुणाचे आईवडील, ना एक बातमी? हे कुणाच्या डोक्यात कसं येत नाही तेच कळत नाही.

उलट त्याच महिन्यात टेक्सासमध्ये खरोखरच एक भयानक प्रकरण उघडकीला आलं होतं, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही. ह्यूस्टनला डीन कॉर्ल नावाच्या माणसाने किमान 28 तरुण पोरं मारली होती. 8 ऑगस्ट 1973 ला त्याच्याच एका किशोरवयीन साथीदाराने त्याला गोळी घातली आणि मग एकेक मृतदेह बाहेर निघायला लागला. म्हणजे पिक्चरचं शूटिंग चालू असताना त्याच राज्यातले पेपर या बातम्यांनी भरलेले होते. पिक्चरचा सहलेखक किम हेंकेलने त्या साथीदाराच्या बोलण्याचा आपल्यावर परिणाम झाल्याचं सांगितलंय, की एवढं सगळं करून हा पोरगा म्हणतो आता मी मर्दासारखा शिक्षा भोगेन, ही कसली नीतिमत्ता. ही खरी गोष्ट आहे, खरी नावं आहेत, खरी घरं उद्ध्वस्त झाली. तिच्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही.

आता व्हिडिओ, ज्याने सगळ्यात जास्त लोक फसलेत. ब्लॅक अँड व्हाइट, खरखरीत, हलता कॅमेरा, पोलीस तळघराच्या पायऱ्या उतरताहेत, भिंतीवर नखांचे ओरखडे, ओरखड्यात अडकलेलं तुटकं नख. हा 2003 च्या रीमेकचा सीन आहे हो! मार्कस निस्पेलने डायरेक्ट केलेला, मायकल बेच्या कंपनीचा, जेसिका बील हिरॉईन असलेला रीमेक. त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी हे ‘पोलीस फुटेज’ आहे, नटांना घेऊन शूट केलेलं. रीमेकवाल्यांनी विश्वास बसावा म्हणून किती मेहनत घेतली बघा: 1974 मध्ये ज्याने तो मजकूर वाचला होता त्याच जॉन लॅरोकेटचा आवाज पुन्हा घेतला, मूळ पिक्चरचा कॅमेरामन डॅनियल पर्ल त्यालाच पुन्हा कॅमेऱ्यामागे बसवलं. पिक्चर म्हणून हे मला आवडतं, कॅमेरा तर जबरदस्त आहे. पण झालं असं की 1974 मध्ये नुसतं एक खोटं वाक्य होतं, 2003 मध्ये त्याला खोटा व्हिडिओ मिळाला, आणि आता रीलवाले पिक्चरचं नाव कापून तेवढाच तुकडा फिरवताहेत. शेवटी लेदरफेस, म्हणजे पिक्चरमधला कातडीचा मुखवटा घालणारा खुनी, कॅमेऱ्यावर धावून येतो तो भाग फॉरवर्डमध्ये बरोब्बर कापलाय. तो ठेवला असता तर पिक्चर आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, म्हणजे कापणाऱ्याला माहीत होतं तो काय करतोय.

आता तो मुद्दा ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले. "त्याला लहानपणापासून कातडीचा रोग होता, अशी मुलं मोठेपणी विकृत होतात, सावध राहा." हे वाक्य ज्या ग्रुपवर टाकलं त्याच ग्रुपवर आमच्यातल्या एका घरात कोड असलेली मुलगी आहे, नववीत. तिच्या आईने हा मेसेज वाचलाय. पोरीने वाचला असेल का, माहीत नाही. कोड असलेल्या मुलीला आपल्याकडे लहानपणापासून काय काय ऐकावं लागतं, लग्नाच्या गोष्टींपासून ते कुणी ताटाला हात लावू न देण्यापर्यंत, हे इथे कुणाला सांगायची गरज आहे का? आणि त्यात अजून ही भर, की असे लोक खुनी होतात.

आणि हे आलंय कुठून? पुन्हा त्याच रीमेकमधून. 2003 मध्ये लेखकांनी लेदरफेसला थॉमस ह्युईट असं नाव दिलं, चेहरा खाणारा त्वचारोग दिला, मुलं चिडवायची असं बालपण दिलं. मूळ पिक्चरमध्ये यातलं काहीच नाही. गनर हॅन्सनने केलेला तो लेदरफेस वेगवेगळे मुखवटे घालतो कारण त्याला स्वतःचं असं व्यक्तिमत्त्वच नाही, घरातले सांगतील तसं वागणारा, घाबरणारा माणूस आहे तो. त्याच्या चेहऱ्याला काही झालंय असं कुणी म्हणत नाही. आणि ज्या खऱ्या गुन्हेगारावरून मुखवट्याची कल्पना आली त्या एड गीनचे अटकेनंतरचे फोटो जगभर छापले गेलेत, चौकड्याची टोपी घातलेला, दाढीची खुंटं वाढलेला, साध्या चेहऱ्याचा पन्नाशीतला माणूस. त्वचारोग आणि हिंसा यांचा काडीचा संबंध नाही, एका स्क्रिप्टमधल्या सोयीसाठी तो जोडला गेला. ज्यांनी हे ग्रुपवर टाकलंय त्यांनी बाकी काही नाही केलं तरी चालेल, पण ते वाक्य डिलीट करा आणि त्या आईला फोन करा.

बरं, एड गीनचं नाव आलंच आहे तर जे अर्धं खरं आहे ते मान्य करते, मनात नसलं तरी. कातडीचे मुखवटे ही कल्पना हवेतून आलेली नाही. विस्कॉन्सिन राज्यातलं प्लेनफील्ड, सहा-सातशे वस्तीचं गाव. 16 नोव्हेंबर 1957, हरणांच्या शिकारीच्या सीझनचा पहिला दिवस, गावातले बहुतेक पुरुष रानात. हार्डवेअरच्या दुकानाची मालकीण बर्निस वर्डन गायब झाली. तिचा मुलगाच डेप्युटी शेरीफ होता. तो संध्याकाळी दुकानात आला तर जमिनीवर रक्त, गल्ला गायब, आणि आईच्या हातची शेवटची पावती होती एक गॅलन अँटीफ्रीझची (थंडीत गाडीच्या इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते). त्याला आठवलं की आदल्या दिवशी गीन येऊन अँटीफ्रीझची चौकशी करून गेला होता आणि सकाळी येतो म्हणाला होता. त्या एका पावतीवरून पोलीस गीनच्या शेतावर पोचले. तिथे बर्निसचा मृतदेह सापडला आणि घरात थडग्यांमधून काढून आणलेल्या प्रेतांपासून केलेल्या वस्तू, कातडीचे मुखवटे, खुर्च्यांची कातडी बैठक. मेरी होगन नावाची बार चालवणारी बाई 1954 पासून बेपत्ता होती, तिलाही आपणच मारल्याचं त्याने कबूल केलं.

एवढं खरं. पण खून दोन, 33 नाही. दोघींना गोळी घातली होती, चेनसॉ या प्रकरणात कुठेच नाही. टेक्सास नाही, प्लेनफील्ड ऑस्टिनपासून सरळ रेषेत मोजलं तरी दीड हजार किलोमीटरच्या वर आहे. खुनी कुटुंब नाही, एकटा माणूस. आई 1945 मध्ये गेल्यापासून त्या घरात एकटाच राहायचा. हूपरच्या विस्कॉन्सिनमधल्या नातेवाइकांनी लहानपणी त्याला या गोष्टी सांगितल्या होत्या, तेवढाच धागा. चेनसॉ कुठून आली तर हूपर नाताळच्या गर्दीत एका दुकानाच्या हार्डवेअर विभागात अडकला असताना समोर चेनसॉ टांगलेल्या दिसल्या आणि मनात आलं की यातली एक चालू केली तर गर्दी क्षणात बाजूला होईल. हे त्यानेच सांगितलंय.

मला सलतं ते असं की गीनवरून एवढे पिक्चर निघाले, जवळच्याच गावात राहणाऱ्या रॉबर्ट ब्लॉकने 1959 मध्ये ‘सायको’ कादंबरी लिहिली, पुढच्या वर्षी हिचकॉकचा पिक्चर, 1998 मध्ये त्याचा जवळपास फ्रेम टू फ्रेम रीमेक, ‘टेक्सास चेनसॉ’चे तर इतके भाग की मोजायचा कंटाळा येतो, 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर सिरीज आली आणि हे फॉरवर्ड पुन्हा जागे झाले. यात बर्निस आणि मेरी कुठे आहेत? काल्पनिक 33 जणांसाठी ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडताहेत आणि खरोखर मेलेल्या दोघींचं नाव ग्रुपमधल्या एकालाही माहीत नव्हतं.

"खुनी कधीच सापडला नाही." गीन बर्निस गायब झाली त्याच दिवशी सापडला. आधी खटला चालवण्याइतकी मानसिक स्थिती नाही म्हणून इस्पितळात ठेवलं, 1968 मध्ये खटला झाला, बर्निसचा खून त्यानेच केला हे सिद्ध झालं, पण वेडाच्या भरात केला म्हणून पुन्हा इस्पितळात, आणि 1984 मध्ये तिथेच मेला. लेदरफेस सापडला नाही कारण तो नव्हताच. तरीसुद्धा गनर हॅन्सनने सांगितलंय की लोक त्याला भेटून छातीठोकपणे म्हणायचे, आम्ही टेक्सासच्या जेलमध्ये गार्ड होतो, खऱ्या लेदरफेसला आम्ही ओळखायचो. ज्याने स्वतः तो मुखवटा घालून टेक्सासच्या उन्हाळ्यात घाम गाळला त्याला हे सांगायचे! फॉरवर्डचं हे अख्खं झाड एवढ्या एका गोष्टीने पडायला पाहिजे.

"बॅन केला." हो, केला होता. ब्रिटनमध्ये तर सेन्सॉरने कित्येक वर्षं सर्टिफिकेट दिलं नाही, 1999 मध्ये कुठे कट न करता पास केला. पण कारण त्यातली दहशत, खरेपणा नव्हे. बघितला असेल तर माहीत असेल, पडद्यावर रक्त फार कमी आहे.

राहता राहिला तो प्रश्न, जो एका काकांनी ग्रुपवर विचारला की खोटं असतं तर कुणीतरी केस केली नसती का. काका, केस करायला कुणीतरी खरा माणूस लागतो ज्याचं नुकसान झालं. इथे नावं खोटी, मृत खोटे, ट्रॅव्हिस काउंटीत असं घरच नव्हतं, तर कोर्टात जाणार कोण? जिथे खरं घर होतं तिथे केस झालीये. न्यूयॉर्क राज्यात ॲमिटीव्हिलला 1974 मध्ये एका तरुणाने स्वतःच्या घरातल्या सहा जणांना झोपेत गोळ्या घातल्या, तो खून खरा. वर्षभराने तिथे राहायला आलेलं कुटुंब 28 दिवसांत निघून गेलं आणि भुताटकीची गोष्ट सांगितली, त्याच्यावर पुस्तक निघालं, 1979 मध्ये पिक्चर, 2005 मध्ये रीमेक. खुन्याच्या वकिलाने नंतर सरळ सांगितलं की ती गोष्ट मी आणि त्या कुटुंबाने मिळून दारूच्या बाटल्या रिचवत रचली. त्यांच्यानंतर ते घर घेतलेल्या कुटुंबाला भूत कधी दिसलं नाही, दिसले ते रात्री-अपरात्री अंगणात येऊन खिडक्यांतून डोकावणारे लोक. त्या कुटुंबाने लेखक, प्रकाशक आणि भुताची गोष्ट सांगणारे सगळ्यांना कोर्टात खेचलं, आणि त्यांना कोर्टाबाहेर पैसे देऊन ते मिटवावं लागलं.