‘एक्स्पोनेन्शियल टाका, फ्लोमीटर विसरा’? नको बाप्पा!

नागपूर-बुटीबोरीकडच्या इन्स्ट्रुमेंटवाल्यांत एक फॉरवर्ड फिरतोय: इक्वल पर्सेंटेज व्हॉल्व्हचे (ओपनिंगच्या दर सारख्या पायरीला फ्लो सारख्याच टक्क्यांनी वाढवणारा व्हॉल्व्ह) ओपनिंग आणि फ्लोचे आकडे एक्सेलमध्ये घाला, एक्स्पोनेन्शियल ट्रेंडलाइन (दर पायरीला ठरावीक पटीने चढणारी रेघ) काढा, आर-स्क्वेअर (रेघ आकड्यांना किती जुळते त्याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९९ आला की ओपनिंगवरूनच फ्लो ओळखा. फ्लोमीटरचा खर्च वाचला!

‘व्हॉल्व्हचा स्वभावच एक्स्पोनेन्शियल.’ अर्धं खरं. रेंजेबिलिटी (व्हॉल्व्हला सांभाळता येणाऱ्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी फ्लोचं गुणोत्तर) ५० धरली तर दर १० टक्के ओपनिंगला फ्लो आधीपेक्षा सुमारे ४८ टक्क्यांनी वाढतो. पण तेच सूत्र बंद व्हॉल्व्हलाही पूर्ण फ्लोच्या २ टक्के फ्लो दाखवतं. फॉरवर्डमधल्या तक्त्यात शून्याची ओळ का नाही, ठाऊक आहे? फ्लोच्या आकड्यांत शून्य असलं की एक्सेल ही ट्रेंडलाइन काढूच देत नाही. गाळली बिचारी.

‘आर-स्क्वेअर ०.९९.’ तो फ्लोचा लॉग (लॉगरिदम) घेतलेल्या आकड्यांचा. तिथे ३ घनमीटरवरची १० टक्के चूक आणि १०० घनमीटरवरची १० टक्के चूक सारखीच. प्लांटमध्ये एक ०.३ ची, दुसरी १० ची.

‘एकदा काढलेला कर्व्ह कायमचा.’ खरी गोम इथे. कॅटलॉगमधला कर्व्ह व्हॉल्व्हवरचा डेल्टा-पी (आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक) स्थिर धरून दिलेला असतो. लाइनीत पाइप, कूलर, स्ट्रेनरही (कचरा अडवणारी जाळी) दाब खातात. पूर्ण उघड्या व्हॉल्व्हवर एकूण दाबाचा ३० टक्केच वाटा पडत असेल, तर ५० टक्के ओपनिंगला कॅटलॉगप्रमाणे १४ नाही, २५ टक्के फ्लो येतो. ७० ला ३१ ऐवजी ५१. वाकडा कर्व्ह सरळ रेघेकडे झुकतो, आणि हा ट्रिम (फ्लोला आकार देणारा व्हॉल्व्हच्या आतला भाग) बहुतेकदा निवडतात तोच मुळी यासाठी!

हा उद्योग मीही केलाय, एका कूलिंग वॉटर लाइनीवर. आकडे जानेवारीतले. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला, सगळ्या कूलरांचे व्हॉल्व्ह उघडले, हेडरचा (सगळ्यांना पाणी पुरवणाऱ्या मुख्य पाइपचा) दाब बसला. आमच्या व्हॉल्व्हवरचा डेल्टा-पी २ बारवरून १ वर. ओपनिंग तेच, स्क्रीनवरचा फ्लो तोच, लाइनीत मात्र २९ टक्के कमी. ऑपरेटर म्हणाला, “साहेब, तुमचं पाणी कागदावरच वाहते.”

‘मग करायचं काय?’ व्हॉल्व्ह कंपनीच्या केव्ही (१ बार डेल्टा-पीला व्हॉल्व्हमधून ताशी किती घनमीटर पाणी जातं) तक्त्यातल्या लगतच्या दोन ओळींमध्ये सरळ रेघ धरा, व्हॉल्व्हच्या आधी-नंतर प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजून आकडा पाठवणारं यंत्र) लावा, केव्हीला बारमधल्या डेल्टा-पीच्या वर्गमुळाने गुणा. साधं पाणी असेल आणि कॅव्हिटेशन (दाब फार उतरून पाण्यात वाफेचे बुडबुडे होणं) नसेल तर ताशी घनमीटर हाती येतात. दोन ट्रान्समीटर आणि केबल धरून फ्लोमीटर किती महाग पडतो, तेही त्याच एक्सेलमध्ये एकदा मांडून बघा.