सहा दिवस पाठ आहेत सगळ्यांना

आज सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड. 'इस्रायलनं सहा दिवसांत तीन देशांना लोळवलं, याला म्हणतात देश!' खाली मुठी, झेंडे आणि 'आपल्याकडे पण असंच हवं'चा रतीब. यातल्याच तिघा-चौघांनी गेल्या मीटिंगमध्ये लिफ्टच्या खर्चाचा हिशेब मागणाऱ्याला ओरडून खाली बसवलं होतं.

इस्रायलचं कौतुक मला कुणी शिकवू नये. मी अलिबागचा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे आमचे शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायली, कोकणातले ज्यू, घरचेच होते. त्यांच्यातलीच आजीची एक मैत्रीण साठच्या दशकात इस्रायलला गेली. मी शाळेत असताना महिनाभर आली होती. बोलणं आमच्याहून जुन्या वळणाचं, हात सतत कामात. आमच्या ओटीवर बसून नारळ खवत तिनं आजीला १९७३ सांगितलं.

१९६७ च्या त्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलनं पहिल्याच सकाळी इजिप्तची विमानं धावपट्टीवरच जाळली. जबरदस्तच होतं ते. पण त्या विजयाची धुंदी चढली आणि ६ ऑक्टोबर १९७३ ला, ऐन योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या सगळ्यात पवित्र उपासाच्या दिवशी, इजिप्त आणि सीरिया एकदम चालून आले. मैत्रीण सांगत होती, त्या दिवशी तिकडे रेडिओसुद्धा बंद असतो, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि दुपारी भोंगा. मुलाला बोलावणं आलं, तो उपाशीपोटीच गेला. इस्रायलचे अडीच हजारांहून जास्त सैनिक गेले त्या युद्धात.

आता जे फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही ते ऐका. सुएझ कालव्यावरच्या चौकीतून परतलेला मोटी अश्केनाझी नावाचा एक राखीव दलाचा अधिकारी पंतप्रधानांच्या कार्यालयाबाहेर एकटा जाऊन बसला. बघता बघता गर्दी जमली. चौकशी आयोगानं सेनाप्रमुखावर ठपका ठेवला, पंतप्रधान गोल्डा मेयरना मोकळं सोडलं. तरी लोक हटले नाहीत. एप्रिल १९७४ मध्ये बाईंनी राजीनामा दिला. त्या अश्केनाझीला देशद्रोही म्हणून खाली बसवलं असतं तर? आपल्या ग्रुपवर पाच मिनिटं टिकला नसता!

तिथेही आता सगळं तसंच उरलंय असं नाही, मान्य. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात पुन्हा गाफील सापडले, बाराशेच्या आसपास माणसं मारली गेली, आणि सरकारनं स्वतंत्र चौकशी आयोग दोन वर्षं टाळला. गाझातल्या पोरांचे फोटो बघून माझीही झोप उडालीय. नेतान्याहूंवर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अटक वॉरंट आहे, तेही कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि हो, आपल्याच बेने इस्रायलींना तिकडे 'तुम्ही पुरते ज्यू का?' असं विचारलं गेलं होतं. लग्नं अडवली. ही माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये मान्यता मिळाली. आजीची मैत्रीणही बसली होती त्यात. हे सांगताना हसत होती.

मुलाचं सांगताना नाही हसली. आजीनं विचारलं, "मग आला ना गं पोर?"

"आला. पण बोलायचा बंद झाला."

मग खवलेलं खोबरं पोह्यांत कालवलं, वर साखर घातली. मलिदा करत होती. पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली. जाताना पिशवीत अलिबागचे चार किलो पोहे घेऊन गेली, तिकडे तसे मिळत नाहीत म्हणे.