नुसतं 'कोण बोलतंय' एवढंच विचारायचंय!

फोनवर अनोळखी आवाज आला की 'कोण बोलतंय?' एवढंच विचारायचं असतं. पण इंग्रजीत? 'हू आर यू' म्हणावं तर उद्धटपणा, जणू समोरच्याची लायकीच काढली. दार वाजलं तर 'हू इज इट'. का? दारामागचा जिवंत माणूस 'इट' कसा झाला? फोनवर अमेरिकन 'हू इज धिस' म्हणतात, ब्रिटिश 'हू इज दॅट'. माणूस एकच, पण एकाला जवळचा, दुसऱ्याला लांबचा! ऑफिसात त्याहून वाकायचं: 'मे आय आस्क हूज कॉलिंग?' आणि 'हू ॲम आय स्पीकिंग टू' म्हटलं की 'हूम' म्हण म्हणून कुणीतरी टपलेलंच. अरे, तोवर पलीकडचा फोन ठेवून देतो!

खरा राग येतो तो शिकवणाऱ्यांचा. सुरुवातीलाच 'हू आर यू' घोकून घेतात, पण ते कुठे वापरायचं नाही हे कुणी सांगत नाही. मग नोकरीच्या पहिल्या दिवशी पोरगं बिचारं मोठ्या साहेबाला फोनवर तेच विचारतं आणि बोलणी खातं. व्याकरण अचूक, तरी चूक त्याचीच? धड्याखाली तेवढी एक ओळ घालायला यांचं काय जातं?