फोन 24 तास बंद ठेवला की डेटा पुसला जातो? कोणी सांगितलं?

मावशीने जुना फोन विकला आणि मला वर अभिमानाने सांगितलं, "अगं, रीसेट-बिसेट काही लागत नाही. दोन दिवस बंद ठेवला होता. आतले ते फ्लिप-फ्लॉप रिकामे होतात." फ्लिप-फ्लॉप म्हणजे एक बिट, म्हणजे एक 0 किंवा 1, लक्षात ठेवणारं छोटंसं सर्किट. गेली 14 वर्षं मी डिप्लोमाच्या पोरांकडून त्याचं प्रॅक्टिकल करून घेते. मावशीच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकला, आणि तोही असा.

मूळ मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरून गेला असेल. थोडक्यात असा: मोबाइलमधला प्रत्येक फोटो, प्रत्येक पासवर्ड कोट्यवधी फ्लिप-फ्लॉपमध्ये साठतो, विकण्याआधी फोन 24 तास बंद ठेवा, फ्लिप-फ्लॉप रिकामे होऊन डेटा कायमचा नष्ट होतो, रीसेटची गरज नाही, मेमरी भरली की बॅटरी लवकर उतरते, रोज रात्री फोन बंद केला नाही तर फ्लिप-फ्लॉप झिजतात, चुंबक जवळ आणू नका.

आधी "रिकामे" हा शब्द घेऊ, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. फ्लिप-फ्लॉप म्हणजे बादली नव्हे. दोन नँड गेट (सगळी इनपुट 1 असतील तरच 0 देणारं, एरवी 1 देणारं सर्किट) घ्या, एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडा आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या. झालं. एक गेट दुसऱ्याला 0 वर दाबून ठेवतं आणि त्या 0 मुळेच स्वतः 1 वर टिकतं. (काटेकोर बोलायचं तर हा नुसता लॅच, क्लॉकच्या, म्हणजे ठरावीक तालाने 0-1 होणाऱ्या सिग्नलच्या, एजलाच बदलतो तो फ्लिप-फ्लॉप. तोंडी परीक्षेत इथे मार्क जातात.) त्यात 0 असेल नाहीतर 1, आणि 0 हीसुद्धा माहितीच. रिकामा फ्लिप-फ्लॉप नावाची चीज नसते.

मावशी गिरगावात राहते, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड चालत दहा मिनिटांवर. तिथून 7400 ची आयसी (नँड गेटची चिप), दोन पुश बटणं आणि एक एलईडी आणला नि तिच्या ओट्यावरच ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी) मांडला. 5 व्होल्ट फोनच्या चार्जरचे. सेटचं बटण दाबलं, एलईडी पेटला. बोट काढलं, तरी पेटलेलाच. "हे बघ, हे लक्षात ठेवणं," मी म्हटलं. मग चार्जरची पिन काढून परत लावली. एकदा एलईडी पेटला, एकदा नाही पेटला, मग पुन्हा पेटला. वीज गेली की दोघांपैकी कोणीच कोणाला दाबून धरत नाही. परत आली की जे गेट केसभर आधी उचलेल ते जिंकतं. यासाठी 24 तास कशाला हवेत? पापणी लवेपर्यंत काम होतं. 1918 साली एकल्स आणि जॉर्डन यांनी दोन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या) जोडून हे सर्किट केलं आणि पेटंटसाठी अर्ज केला, तेही वीज गेली की विसरायचंच.

म्हणजे मेसेजमधली अर्धी गोष्ट खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करते. वीज गेली की फ्लिप-फ्लॉप विसरतो.

पण तुमचे फोटो त्यात नसतातच! फ्लिप-फ्लॉप असतात प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये (हातातल्या कामाचे आकडे ठेवायची जागा), काउंटरमध्ये. कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, त्यांचा चुलतभाऊ एसरॅम, एका बिटला 6 ट्रान्झिस्टर. फोनच्या रॅममध्ये (हिलाच डीरॅम म्हणतात) तर नुसते चार्ज धरून ठेवणारे इवलेसे कपॅसिटर, ज्यांना साधारण दर 64 मिलिसेकंदांत पुन्हा भरावं लागतं. फोनची 128 जीबी साठवण म्हणजे सुमारे 1 लाख कोटी बिट. ते एसरॅममध्ये ठेवायचे तर 6 लाख कोटी ट्रान्झिस्टर हवेत. ॲपलच्या ए15 चिपमध्ये असतात 1500 कोटी. अशा 400 चिपा एका फोनमध्ये कोंबणार का?

फोटो जातात फ्लॅश मेमरीत. तिथे इलेक्ट्रॉन इन्सुलेटरच्या कोंडवाड्यात अडकवलेले असतात, त्यांना तिथे राहायला वीज लागत नाही. तेच तर तिचं काम. दोन दिवस सोडा, फोन दोन महिने कपाटात ठेवलात तरी पॅनकार्डाचा फोटो जागचा हलणार नाही.

या बाबतीत अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेचा 800-88 क्रमांकाचा दस्तऐवज आहे, त्याची 2014 ची आवृत्ती घ्या. डीरॅम आणि एसरॅम पुसायची असेल तर वीज तोडा, असं तिच्यात सांगितलं होतं. मोबाइलसाठी मात्र सेटिंगमधून पूर्ण रीसेट. मला वाटतं, कोणीतरी पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं वाचायचा कंटाळा केला.

बाकीचं पटकन. भरलेल्या मेमरीने बॅटरी उतरत नाही, साठवलेला बिट टिकवायला फ्लॅशला वीजच लागत नाही. अगदी तुडुंब भरली तर फोन मंदावतो, तो वेगळा विषय. झीज फ्लिप-फ्लॉपची नव्हे, फ्लॅशची होते, आणि तीही पुसून पुसून लिहिल्याने. रात्री बंद ठेवून ती वाचत नाही. चुंबकाची भीती जुन्या हार्ड डिस्कची. 2020 च्या आयफोन 12 च्या तर पाठीतच चुंबकं आहेत.

मावशीचं नशीब की फोन अजून दुकानदाराच्या ड्रॉवरमध्येच होता. चालू केला तर लॉक नाही, बँकेचे मेसेज, भाचीच्या लग्नाचे फोटो, आधारचे दोन्ही बाजूंचे फोटो, सगळं शाबूत. तिथेच काउंटरवर उभं राहून आधी गूगल खातं काढलं, मग फॅक्टरी रीसेट मारला. अलीकडच्या फोनांत डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा सांकेतिक करून ठेवलेला असतो आणि रीसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे काम पाच-दहा मिनिटांचं. मेमरी कार्ड मात्र रीसेटच्या भरवशावर सोडू नका, ते हाताने काढून घ्या. मावशीचं तसंच आत राहिलं होतं, 32 जीबीचं.